तीनदा वाजलं की लगेच

मित्रांनो, माझी लाकडी मूठ झिजलीय आणि कडेला एक पोचा आहे, तेव्हा मी जुनी आहे हे वेगळं सांगायला नको. मी हातात धरून वाजवायची पितळी घंटा. ज्या ओताऱ्याने मला ओतलं, त्याने मला कानाशी धरून वाजवलं आणि बायकोला म्हणाला, "गळा बघ पोरीचा." ते एक वाक्य मला जन्मभर पुरलंय.

पहिली नोकरी एका सर्जनच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी मला वाजवलं की बाहेरच्या बाकावरचा पुढचा पेशंट आत यायचा. माझ्या आवाजाने माणसं उठायची ती बरी व्हायला. मला ते फार आवडायचं. तीस वर्षं अशी गेली. मग डॉक्टरांचे गुडघे गेले, दवाखाना बंद झाला आणि मी त्यांच्यासोबत घरी आले.

घरात स्वयंपाकाला आणि वरकामाला एक मावशी होत्या. सकाळी आठला यायच्या. जायची वेळ मात्र कुणी ठरवलीच नव्हती. डॉक्टरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, नियम घालून दिला. मी एकदा वाजले की पाणी, दोनदा वाजले की चहा, तीनदा वाजले की हातातलं टाकून लगेच यायचं. मला काय, वाजायला मिळालं की मी खूश.

सात वर्षांनी मावशींनी शिवणक्लास लावला. दर रविवारी पाचला. स्वतःचं मशीन घेऊन घरी कपडे शिवायचे, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बघू." आणि पाच वाजता मला दोनदा वाजवलं. असे दोन रविवार बुडाले. क्लासच्या बाईंनी सांगून टाकलं, तिसरा बुडला तर मशीनवरची जागा दुसरीला.

त्या तिसऱ्या रविवारी डॉक्टरांची नात टीव्हीवर लावायला एक सिनेमा घेऊन आली. जुन्या काळातला, गुलामांचा. बाजारात माणसं उभी करून, दात बघून विकत होते. डॉक्टर चष्मा पुसायला लागले. "माणूस माणसाला असं वागवतो तरी कसा," असं म्हणाले आणि त्यांनी मला वाजवलं. एकदा. मावशी पाणी ठेवून गेल्या. कुणी मान वळवली नाही.

मग पडद्यावर पहाट झाली. खांबाला एक घंटा टांगलेली, माझी थोरली बहीणच म्हणा. ती तीनदा वाजली. झोपड्यांतून बायका धावत सुटल्या.

आणि आमच्या स्वयंपाकघरातून मावशी धावत आल्या. हाताला साबणाचा फेस. "काय झालं? काय हवंय?"

मला तर कुणी हातही लावला नव्हता.

नातीने सिनेमा थांबवला. पडद्यावर एक बाई धावता धावता थिजली आणि तिच्यासमोर आमच्या मावशी. मित्रांनो, मावशींच्या पायात बेडी नव्हती. त्यांना पगार होता. त्या बायांचं दुःख कुठे आणि हे कुठे, एवढं मला कळतं. पण धावताना पाय सारखेच पडत होते, तेही मी पाहिलं.

"कान भारी तिखट हो तुमचे," काकू हसल्या. "ती सिनेमातली वाजली."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी हात पुसले, घड्याळ बघितलं. साडेचार.

"डॉक्टर, मी पाचला क्लासला जातेय."

"बरं, आजच्या दिवस जा."

"आजच्या दिवस नाही, दर रविवारी. आणि विचारत नाहीये, सांगतेय."

"मग चहाचं काय?" काकू म्हणाल्या.

"आजी, आजोबांनी माणसांची पोटं उघडून परत शिवलीत," नात म्हणाली. "चहाचं पातेलं जमेल त्यांना."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "टाका फार ओढू नका मावशी. कापड सुरकुततं." आणि त्यांनी मला उचललं. मला वाटलं, सवयीने वाजवणार. त्यांनी माझा आतला लोळा, ज्याने मी वाजते तो, बोटाने धरला आणि मला अलगद खणात ठेवून दिलं.

खणात मी चार महिने होते. हिरवी पडले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण बाहेरचं ऐकू यायचं. डॉक्टरांची काठी स्वयंपाकघराकडे जायची. दूध उतू जायचं. "अगं, साखर कुठेय?" हे दर रविवारी.

एकदा कात्री शोधताना मावशींना मी सापडले. त्यांनी मला राखेने घासलं आणि एक कापडी पट्टा बांधला, त्यांनी क्लासात शिवलेला पहिला. त्याची शिवण मध्येच वाट चुकलीय. दारावरची विजेची बेल कधीचीच बंद होती. तिथे मला अडकवलं.

आता सकाळी आठला मावशी मला वाजवतात. "आलो, आलो," करत डॉक्टर काठी टेकत येतात आणि दार उघडतात. गुडघेही जरा मोकळे झालेत म्हणे. मशीन घरी आलं की मावशी इथलं काम सोडणार आहेत. डॉक्टरांना ते माहीत आहे. चहा ते आता बरा करतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला अधूनमधून पुसत जा. वाजवूही जा, आमचा जीव त्यातच आहे. फक्त वाजवण्याआधी क्षणभर थांबा. आत कुणाचे हात ओले आहेत का, तेवढं बघा.