गुडमारचा पाला

दयाराम एसटीतून निवृत्त झाले, पण गोडाचा नाद काही निवृत्त झाला नाही. शुगर निघाली, इन्सुलिन सुरू झालं, तरी सदऱ्याच्या खिशात गुळाचा खडा सापडायचाच. जित्याची खोड! त्यांची बायको सिंधूताई साखरेचा डबा रोज नव्या जागी लपवून थकल्या. शेवटी त्यांनी अमडापूरच्या बाजारातल्या रुखमाबाईकडून गुडमारचा पाला आणला.

"चार पानं चघळली का गूळ मातीवानी लागते," रुखमाबाई म्हणाली. "मंग कोन खाते?"

आणि खरंच, पानं चघळून दयारामांनी पेढा तोंडात टाकला तो थू थू करत अंगणात पळाले. सिंधूताई पोट धरून हसल्या.

आज आळीतल्या गुलाबरावांकडे वास्तूचं जेवण होतं, आणि पंगतीत बुंदी. दयारामांनी इन्सुलिनची सुई टोचून घेतली, तशी सिंधूताईंनी मूठभर पाला त्यांच्या तोंडात कोंबला. पंगतीत बुंदीचा पहिलाच घास मातीसारखा लागला. दयारामांचं डोकं फिरलं. भरलं ताट तसंच ठेवून ते घरी निघून आले.

सिंधूताई मागोमाग पोचल्या, तेव्हा ते खाटेवर घामानं निथळत होते. हात लटपटत होते, नजर भलतीकडेच.

"गाडी साईडले घे बे," ते बरळले.

सिंधूताईंच्या तोंडचं पाणी पळालं. सुईनंतर पोटात अन्न नाही! असं झालं की आधी साखर द्या, डॉक्टरांनी बजावलं होतं. पण डबा कुठे? त्यांनीच लपवलेला, आणि त्यांनाच आठवेना. फडताळ उपसलं, कोठी उपसली, गाद्यांची थप्पी जमिनीवर आली, तेव्हा कुठे डबा हाती लागला.

त्यांनी चिमूटभर साखर त्यांच्या तोंडात घातली. दयारामांनी थुंकून टाकली.

"काऊन वं, रेती चारून राह्यली काय?"

"साखर हाय हो! खा ना, तुमच्या पाया पडतो!"

दयारामांनी दात गच्च आवळले. वर्षानुवर्षं ज्या तोंडातून गोड हिसकावलं, त्याच तोंडापुढे सिंधूताई आज मूठ धरून गयावया करत होत्या. आपल्या हातानंच आपण यांना मारलं, असं त्यांना वाटलं. हाका मारल्या, पण आळी सगळी पंगतीला गेलेली.

"पाणी..." दयाराम पुटपुटले.

पाणी! ज्या जिभेला गोड कळत नाही, तिला साखरेचं पाणी नुसतं पाणीच लागणार. सिंधूताईंनी तांब्यात मुठी रिकाम्या केल्या, हातानंच ढवळलं आणि तांब्या त्यांच्या ओठांना लावला. ते घटाघट प्यायले.

हळूहळू घाम ओसरला. नजर ओळखीची झाली.

"सिंधू, तू काऊन रडून राह्यली?"

त्यांनी सगळं सांगितलं. दयारामांनी तांब्यात डोकावून पाहिलं. तळाशी न विरघळलेली साखर होती. त्यात बोट बुडवून त्यांनी चाटलं, पुन्हा चाटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"इतक्या वर्सांत पयल्यांदा तू आपल्या हातानं साखर देल्ली," ते म्हणाले, "अन् मले समजलीच नाही."

सवयीनं सिंधूताईंचा हात तांब्या हिसकायला पुढे झाला. मग तो त्यांच्या पाठीवरूनच फिरत राहिला.