लाल ठिपके

दादाच्या बँडमध्ये एक कायदा होता: ऑटो-वाहच्या बटणांना कोणी हात लावायचा नाही. पायापाशी ठेवायचं हे लोखंडी डबडं गिटारचा आवाज उघडतं-मिटतं, माणसाचं तोंड 'वा' म्हणताना उघडतं तसं. तार जितकी जोरात छेडाल तितकं ते उघडतं. बटणं तीन, आणि प्रत्येकापाशी एक लाल ठिपका. दादा स्वतः गिटार वाजवायचा तेव्हा धाकट्या बहिणीचं नेलपॉलिश ढापून त्याने हे ठिपके मारले होते. आता तो गात होता आणि गिटार धाकटीकडे आली होती. ठिपके मात्र जागच्या जागी.

गोची अशी, की दादाचा हात म्हणजे हातोडा. धाकटी तारेला नुसतं बोट लावायची आणि तिची सगळी करामत त्या हलकेपणातच होती. डबडं तिला दादच देत नव्हतं. "जोर लाव," दादा म्हणायचा. सहा महिने तिने जोर लावला. तारा तुटल्या, मनगट सुजलं, वाजवण्यातली मजा गेली. आज तालमीत दादाने सांगून टाकलं, "आज वाह बोलला नाही, तर शनिवारच्या कार्यक्रमात तुझा गिटारचा तुकडा कीबोर्डवाला वाजवेल."

तो तुकडा तिने स्वतः बांधला होता. ती पेटली. सगळ्यांसमोर डबड्यापाशी खाली बसली.

"काय करतेस?"

"दिसतंय की."

तिने सेन्सिटिव्हिटीचं बटण पार शेवटपर्यंत पिळलं. तार छेडली, तर आवाजाने असा आ वासला की मिटायलाच तयार नाही. ड्रमवाले काका फिसकन हसले.

"झालं समाधान?" दादाने विचारलं.

"अजून नाही."

तिने बटण थोडं मागे घेतलं. छेडून बघितलं. आणखी तसूभर मागे. मग दुसरं बटण फिरवून आवाजाचं मिटणं सावकाश केलं. आता नुसत्या बोटाच्या टोकाने आवाज उघडला, रेंगाळला आणि मिटला. काका हसायचे थांबले.

"ठिपक्यावर आण परत."

"तो ठिपका तुझ्या हाताचा आहे. माझा हात वेगळा आहे."

"सहा महिने चाललंच ना?"

"चाललं नाही, मी चालवून घेतलं. आता नाही घेणार."

दादा वाकला. तिने पाय डबड्याच्या आडवा घातला.

"पाय काढ."

"नाही काढणार. तुकडा त्याला द्यायचा तर खुशाल दे. मग नवा बांधायलाही त्यालाच सांग."

"मला नाही जमायचं बुवा ते," कीबोर्डवाला पुटपुटला.

तालमीत आकडे मोजून गाणं सुरू करायचा मान दादाचा. तिने तोही घेतला. "एक, दोन, तीन, चार."

काकांनी काठ्या उचलल्या, पण तिचं ऐकू यावं म्हणून हलक्या हाताने वाजवलं. दादाची ओळ आली आणि त्याने न गाताच ती जाऊ दिली. दुसऱ्या फेरीला तो आत शिरला, आणि तिच्या गिटारवर आवाज चढवायची नेहमीची खोड त्याने केली नाही. केली असती, तरी तिने पाय हलवला नसता.