त्याच गिअरवर

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मिस्त्री आधी गप्प बसवायचा. वाकड्या हँडलच्या, पातळ टायरच्या, शर्यतीच्या सायकलींचं दुकान ते. येणारे लोक इंटरनेटवर वाचून, डोक्यात भलभलते आकडे भरून यायचे. "दोनशे ग्रॅमनं हलकी चाकं बसवून द्या," असं एखादा सुटलेल्या पोटाचा साहेब म्हणाला, की मिस्त्री त्याला वरून खाली न्याहाळायचा. "बसवतो की. पण साहेब, दोनशे ग्रॅम तुमच्या पुढ्यातच लोंबतायत, ते फुकटात निघतील. आधी चेन बदला. ही झिजलीय, अजून दोन महिने ओढलीत तर मागची सगळी चक्रं खाऊन टाकेल." साहेब फणकाऱ्यानं निघून जायचा आणि चार दिवसांनी निमूट चेन बदलायला यायचा. खरं तोंडावर बोलणारा माणूस म्हणून मिस्त्रीचा लौकिक होता. आयुष्यात त्यानं एकाच सायकलीशी लबाडी केली, आणि ती सायकल त्याच्या बायकोची होती.

बायको गणिताची शिक्षिका. तिला सगळे बाई म्हणायचे, अगदी तिच्या बरोबरीच्या शेजारणीसुद्धा. चाळिशीत ती सायकल शिकली आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी नवऱ्याबरोबर पाण्याच्या टाकीची टेकडी चढायची. मनगटाला घड्याळ नसायचं. "आठवडाभर घंटेवर जगते, रविवारी तरी मला सोडा," म्हणायची. पण मोजल्याशिवाय तिला चैन थोडीच पडणार! मागच्या चक्रांपैकी सर्वात मोठं, म्हणजे सर्वात सोपं, ती कधीच वापरायची नाही. त्याच्या शेजारच्या दुसऱ्या चक्रावर, मनात आकडे म्हणत, एका तालात पाय मारत ती वर जायची. शेवटच्या वळणावर हँडलवरच्या छोट्या मीटरकडे एकदाच बघायची आणि घरी आल्यावर तो वेग वहीत लिहायची. अकरा. कधी साडेदहा, कधी अकरा. सपाटीचा आणि उताराचा वेग बघायचीसुद्धा नाही. "तिथं काय, दगडही पळतो," हे तिचं मत.

कोणी तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं. "त्याच गिअरवर टेकडी चढतेय, मला काय धाड भरलीय?"

मग एका हिवाळ्यात, वय छप्पन असताना, ती वळणाच्या अलीकडेच उतरली. सायकल कठड्याला टेकवली आणि रस्त्याच्या कडेला खाली बसून रडायला लागली. मिस्त्रीनं तिला लेकीच्या लग्नात रडताना पाहिलं नव्हतं, तिची आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. इथं एका चढापायी ती लहान मुलीसारखी हुंदके देत होती.

"संपलं हो माझं," ती म्हणाली. "आता खालीच."

"काहीतरीच काय! झोप झाली नसेल," तो म्हणाला.

सोमवारी बाई शाळेत गेल्या गेल्या त्यानं तिची सायकल दुकानात नेली. मागच्या चक्रांचा गठ्ठा उतरवला आणि दुसरा चढवला. चक्रं तेवढीच, पण तिच्या लाडक्या दुसऱ्या चक्राला तेवीसऐवजी पंचवीस दात. दात वाढले की पाय हलका पडतो आणि सायकल हळू जाते. इतका सरळ व्यवहार आहे तो. हळू जाणं मीटरवर दिसलं असतं, म्हणून त्यानं मीटरही उघडला. तो बिचारा चाकाचे फेरे मोजतो, आणि चाक केवढं ते आपण सांगू तेवढं मानतो. मिस्त्रीनं चाक खऱ्यापेक्षा मोठं सांगितलं. टेकडी लांबलेली तिला दिसली असती, म्हणून अंतराचा आकडा पडद्यावरून काढूनच टाकला. सायकलीच्या पोटात बघायची बाईंना सवय नव्हती. तो नवऱ्याचा प्रांत, आणि त्या प्रांतावर तिचा आंधळा विश्वास.

पुढच्या रविवारी ती वर पोचली. मीटरवर अकरा. वर टाकीपाशी उभं राहून तिनं दोन्ही हात आकाशात फेकले. "काय केलंत हो सायकलला?"

"तेल घातलं," मिस्त्री म्हणाला. त्या दिवशी त्याला जेवण फार गोड लागलं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये तिचा श्वास पुन्हा वाजू लागला. या वेळी ती उतरेपर्यंत त्यानं वाट पाहिली नाही. अठ्ठावीस दात. चेन लांब केली, मागचा गिअर बदलणारा हातही लांब दांड्याचा लावला, मीटरला आणखी मोठं चाक सांगितलं. इतक्या सफाईनं केलेलं काम दुसऱ्या कोणाचं असतं तर त्यानं गिऱ्हाइकाला बोलावून दाखवलं असतं. वय झालं की पाय थकतात, त्यात काय मोठंसं, असं तो स्वतःशी म्हणायचा. खुळा होता, दुसरं काय! ज्या माणसाला चेनचा आवाज ऐकून कुठला दात झिजलाय ते कळायचं, त्याला बायकोचा श्वास ऐकून फक्त गिअर सुचला.

जूनमध्ये शाळेनं सगळ्या शिक्षकांची तपासणी करवली. डॉक्टरांनी बाईंच्या छातीला नळी लावली आणि ती जरा जास्त वेळ तिथंच ठेवली.

"हृदयाच्या झडपेपाशी थोडा आवाज येतोय," डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका. पुष्कळांना असतो. मला एवढंच सांगा, चढताना दम कमी झालाय का? वर्ष-दोन वर्षांत काही फरक?"

बाईंनी पर्समधून वही काढली. खरंच काढली. "हे बघा डॉक्टर. दर रविवारचा आकडा आहे. तोच चढ, तोच गिअर, तोच वेग."

डॉक्टरांनी पानं चाळली आणि हसले. "असे पेशंट मिळाले तर माझं दुकान बंद पडेल. मग घाई नाही. वर्षानं पुन्हा बघू."

मिस्त्री तिला न्यायला आला होता आणि शेजारच्या खुर्चीवर बसला होता. त्याच्या तोंडात शब्द तयार होते. पण बाई वही बंद करताना फार खूश दिसत होत्या. घरी गेल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं. घरी गेल्यावर उद्या सांगू, असं ठरवलं. ऑक्टोबरपर्यंत तो उद्या काही उजाडला नाही.

ऑक्टोबरमध्ये बाई टेकडीवर सायकलीवरून पडल्या. घसरून नाही, चालवता चालवता शुद्ध गेली आणि पडल्या. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी चित्र दाखवून समजावलं. झडप आकसली होती. अरुंद दारातून रक्त ढकलून ढकलून हृदय पार दमलं होतं. ऑपरेशन करावंच लागणार, पण आता त्यात धोका मोठा आहे. "दम लागायला लागला तेव्हाच यायला हवं होतं," ते म्हणाले. "तेव्हा सोपं होतं."

"पण मला दम लागलाच नाही," बाई म्हणाल्या.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मिस्त्री भेटीच्या वेळेत आला, तर बाई उशीला टेकून वही तपासत होत्या. लेकीकडून मागवून घेतली होती. हातात पेन्सिल, नाकावर चष्मा, पोरांच्या उत्तरपत्रिका बघतात तशा. ओठ निळसर पडले होते.

"अहो, माझं कुठंतरी चुकलंय," त्या म्हणाल्या. "हृदय असं एका दिवसात थकत नाही, डॉक्टर म्हणाले. म्हणजे आकडा खाली यायला हवा होता. मग तो आला का नाही? मी मीटर चुकीच्या जागी बघत होते का? बघा ना जरा, तुम्हाला काही सापडतंय का."

तिनं वही त्याच्यापुढे धरली. आपली चूक शोधून द्या म्हणून ती त्याची विनवणी करत होती. ते मात्र त्याला सोसवेना.

"तुझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "मी बदललं."

"काय बदललंत?"

त्यानं सगळं सांगितलं. पंचवीस, मग अठ्ठावीस. मीटरमधलं चाक. डॉक्टरांच्या खोलीतली खुर्ची. संपल्यावर तिनं फक्त तारखा विचारल्या, आणि वहीच्या उजव्या कडेला नवीन रकाना आखला. तेवीस भागिले पंचवीस, गुणिले अकरा. तेवीस भागिले अठ्ठावीस, गुणिले अकरा. आकडे सुबक येत होते. अकराच्या शेजारी दहा आले. दहाच्या खाली नऊ आले. मिस्त्री समोर उभा राहून बघत राहिला, फळ्यापुढे उभ्या केलेल्या पोरासारखा.

"दहा तर पहिल्याच हिवाळ्यात," शेवटी ती म्हणाली. "मार्चमध्ये नऊ. आणि डॉक्टरांनी जूनमध्ये विचारलं."

"तू रडत होतीस गं," तो म्हणाला. "रस्त्यात बसून रडत होतीस. मला बघवलं नाही."

बाईंनी चष्मा काढला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्गात कितीही समजावलं तरी न कळणाऱ्या पोराशी बोलावं, तितक्या शांतपणे त्या बोलल्या.

"मला रडू द्यायचं होतंत. दोन दिवस रडले असते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले असते."

मग नर्स वेळ संपली म्हणून सांगायला आली.

सकाळी तिला चाकांच्या खाटेवरून न्यायला आले तेव्हा तिनं हात बाहेर काढला आणि त्याचा हात धरला. लांबलचक बोळभर धरून ठेवला, लिफ्टच्या दारापर्यंत. पकड घट्ट होती. माफ केलं म्हणून धरला होता, की नुसती भीती वाटत होती म्हणून, हे ती शुद्धीवर आल्यावर विचारायचं असं त्यानं ठरवलं.

ती शुद्धीवर आलीच नाही.