तात्याबा खुडूक बसला

सकाळी आठचा भोंगा कारखान्यावर वाजत होता. अगदी त्याच घटकेला कोंबडी अंड्यांवरून उठली, अंग झाडलं आणि उकिरड्याकडं चालू लागली. आपणहून परत आलीच नाही! हे सगळं सुरू झालं ते तिथून.

मी हे डोळ्यांदेखत बघितलं, कारण मी तिच्या अंड्यांच्या पाटीखालीच होते. मी घोंगडी बोलतेय. कळस गावच्या तात्याबाची काळी घोंगडी. तुम्ही म्हणाल, घोंगडीचा आणि कोंबडीचा काय संबंध? मलाही आधी तसंच वाटायचं. सांगते, सगळं सांगते. आज माझा धागा न् धागा थरथरतोय बघा.

माझा जन्म मेंढरांच्या पाठीवरचा. तात्याबानं आपल्याच मेंढरांची लोकर कातरली, कळपामागं चालता चालता सूत काढलं आणि विणणाऱ्याकडून मला विणून घेतलं. चिंचोक्याच्या खळीनं मला असा ताठा आला की पावसाचं पाणी वरच्या वर निथळून जायचं. रानात एखादी मेंढी व्याली की तात्याबा माझी खोळ करायचा आणि ओलं कोकरू त्यात घालून चालायचा. किती कोकरं त्या खोळीत निजली, त्याला गणती नाही.

पुढं रानं उसानं भरली. चरायला जागा उरली नाही. ब्याण्णव साली मेंढरं विकली. मुलगा मानसिंग उसाच्या ट्रॅक्टरवर जायला लागला आणि मी गेले खुंटीवर. माणसं वस्तू टाकून देत नाहीत, खुंटीला लावतात. ते जास्त वाईट असतं.

मग घरात सून आली, बानू. पोरगी गुणाची, पण काळजीचं नुसतं गाठोडं! लेक छकुली शिंकली की ही ओव्याची पुरचुंडी शेकायला घेणार. शांत झोपली तर आणखीनच, नाकापुढं बोट धरून श्वास चाललाय का बघणार.

बानूचं माहेर अंथुर्ण्याचं. तिच्या आईच्या, ठकूबाईच्या कोंबड्या सगळ्यांपेक्षा वेगळ्या. मान जन्मापासून उघडी, पिसाचा पत्ता नाही, पण अंगानं दणकट. ठकूबाईला ते वाण तिच्या आईकडून आलेलं. यंदा पौषात तिनं बानूला दहा अंडी दिली. बानू एसटीनं घरी आली ती अशी, मांडीवर छकुली आणि छकुलीच्या मांडीवर भुशात घातलेल्या अंड्यांचा डबा. खड्डा आला की हिचा जीव वर!

घरची कोंबडी उबवणीला आलेली, खुडूक होतीच, तिच्याखाली अंडी ठेवली. जमीन गार, म्हणून बानूनं मला खुंटीवरून काढलं, घडी केली आणि पाटीखाली सारली. तात्याबा भडकला.

"धनगराची घोंगडी आन् कोंबडीच्या बुडाखाली? ही काय तऱ्हा म्हणायची?"

"मामा, लई गारठा हाय वो," बानू हळूच म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणते.

"कोंबडी म्हंजी काय जितराब हाय व्हय? उकिरडा उकरणारी जात!" असं म्हणून तो जो रुसला, तो चहासुद्धा भिंतीकडं तोंड करून प्यायला लागला. खरं सांगू? मलाही अपमानच वाटला होता.

पिल्लं फुटायला आठवडाही राहिला नव्हता, तेवढ्यात ठकूबाईचा शेजारी इंदापूरला बाजाराला जाता जाता फाट्यावर उतरून सांगून गेला. अंथुर्ण्यात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. ठकूबाईची सगळी पाखरं माना वाकड्या करून गेली. एक उरलं नाही. आणि ठकूबाई म्हणती, आता ह्या वयात पुन्हा जीव लावणं नको, येत्या सोमवारी खुराडं मोडून चुलीत घालते.

म्हणजे ते वाण आता उरलं कुठं? माझ्यावरच्या त्या पाटीत! दहा अंड्यांत!

झालं. बानूला काही सुचेना. घडीघडीला यायची, कोंबडी उचलायची, अंड्यांना हात लावून बघायची, पुन्हा ठेवायची. भाकरी थापता थापता यायची. छकुलीला पाजून झालं की यायची. मी खालून ओरडत होते, अगं बसू दे तिला! पण घोंगडीचं कोण ऐकतं? कोंबडी वैतागली. आणि गुरुवारी भोंग्याबरोबर उठून गेली. धरून आणून बसवली, तर पाटीत उभी राहिली. वरून डालगं झाकलं, तर आत धडपडून अंडीच तुडवायला लागली.

बानू धावली शेजारच्या जमीलाकडं.

"जमीलाभाबी, तुमची खुडूक द्या. लौकर!"

"या खुदा! अगं, कालच तिला पाण्यात बुडवून काढली. खुडूकपण मोडलं की तिचं! एक दिस आधी तरी बोलायचं." पण जमीला नुसती हळहळत बसली नाही. ती तशीच आमच्या घरी आली, घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि अंडी एकेक करून अलगद सोडली. दोघी घमेल्यावर वाकल्या. तिसरी मी, पाटीखालून बघत होते.

एक अंडं डुललं. मग दुसरं. आतून कुणी पाय झाडल्यासारखी ती पाण्यावर हलायला लागली! एकच गप्प राहिलं.

"जित्ती हायत, बानू! नऊच्या नऊ!"

गावात कुणाकडंच खुडूक कोंबडी मिळेना. बानूनं अंडी कोरडी करून पदरात बांधली, पोटाशी धरली. तर छकुली रडायला लागली, तिलाही तिथंच यायचं होतं. एका मांडीवर लेक, एकीवर अंडी, आणि डोळ्यांतून धार.

भिंतीकडं तोंड करून बसलेला तात्याबा उठला. आला आणि पाटीखालून मला ओढलं.

"आण हिकडं ती. कोकरं जगवली म्या हिच्यात. अंडी काय, कोकरापरास गरीब. पळून तरी जायची न्हाईत."

"मामा, तुमी?"

"मग काय गप्पा हाणणाऱ्या त्या दत्तोबाला बोलवू? दे. हल्लू, हल्लू!"

बानूच्या जुन्या लुगड्यात अंडी गुंडाळून त्यानं पोटाशी घेतली, वरून मला लपेटलं आणि उन्हाच्या भिंतीला टेकून बसला. त्याच्या पोटाची ऊब, माझी लोकर आणि मधे ते नऊ जीव! किती वर्षांनी मला काम मिळालं होतं!

बातमी गावभर गेली. तात्याबाचा सोबती दत्तोबा खास बघायला आला.

"काय तात्या, खुडूक बसलास व्हय? पाण्यात बुडवून काढू का?"

"हळू बोल, मुडद्या. आत पोरं निजल्यात."

तात्याबा जेवायला उठला की बानू बसायची, बानू उठली की तात्याबा. बानूला सारखा हात लावायचा मोह व्हायचा, पण तो दटावायचा, "घोंगडी उघडू नगंस. कोंबडी पळाली, म्या पळणार न्हाय, पर गारवा शिरंल." घरात कुणी दार आपटलं तरी दोघं एकदम दचकायची.

काल दुपारी तात्याबा ओरडला, "बानू! टोचतंय! आतनं टोचतंय गं!" मलाही कळत होतं. टिक. टिक. आणि आज रविवारी उजाडता उजाडता पहिलं कवच फुटलं! ओलं, चिकट, मूठभर पिल्लू माझ्यावरच आलं. वाळलं तसं तात्याबानं ते हातावर घेतलं आणि त्याचा चेहरा पडला.

"पोरी, ह्याच्या मानंला काईच न्हाय गं. घोंगडीनं सोललं का काय म्या?"

बानूनं पिल्लू उजेडात धरलं. मग हसायला लागली, हसता हसता रडायला लागली.

"मामा, सोललं न्हाय वो! हेच ते! हेच माझ्या आईचं वाण!"

आता सात आलीत. आठवं चोच बाहेर काढून कालवा करतंय. मी कवचाच्या तुकड्यांनी भरलेय, अंड्याच्या पाण्यानं चिकट झालेय, वास तर विचारूच नका. पण ज्या खोळीत कोकरं निजायची, तिथं आज उघड्या मानांची पिल्लं निजलीत आणि तात्याबा उठायला तयार नाही.

एकच घोर आहे. उद्या सोमवार! मानसिंग ऊस घेऊन कारखान्यावर अडकलाय. बानूला ही ओली पिल्लं सोडून हलता येत नाही. आमच्याकडून निरोप घेऊन जायला कुणी नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. तुमच्यापैकी कुणी अंथुर्ण्याच्या एसटीत बसणार असेल, नाहीतर बसणारं कुणी ओळखीचं असेल, तर ठकूबाईपर्यंत एवढं पोचवा. म्हणावं, खुराडं मोडू नको. चुना मारून ठेव. मानमोडी सरली की बानू येतेय, मांडीवर छकुली आणि छकुलीच्या मांडीवर पाटी.