चित्रात नसलेला किडा

सून गावोगाव शिकवत फिरायची, की उठसूट औषध फवारू नका, कीड ओळखा, हाताने वेचा. सासूच्या कोबीचे दोन वाफे तिने दोन महिने बिनफवाऱ्याचे ठेवले होते. आज तिच्या वर्गातल्या चौदा बायका ते बघायला यायच्या होत्या. त्यांना पटलं नाही तर सुनेचा वर्ग बंद होणार होता. म्हणून सासू उजाडताच वाफ्यात उतरली आणि तिने पानापानावरचे काळे, काटेरी किडे वेचून साबणाच्या पाण्यात बुडवले. कंबरेचा काटा ढिला झाला, पण म्हटलं, आपलीच सून आहे, लावू हात.

सून बायकांना घेऊन आली, बादलीत डोकावली आणि सगळ्यांदेखत कडाडली, "आई, काय केलंत हे? कोबीवरची मावा-कीड खाणारी पिल्लं होती ती. मित्रकिडे. शंभरदा सांगितलंय मी."

सासूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांत तिला बोलायची तिच्या नवऱ्याचीही कधी छाती झाली नव्हती.

"कुणाला सांगितलंस? माइकवर तोंडाचा पट्टा, घरात तोंडाला कुलूप. दाखव तुझ्या चित्रात हा किडा."

शेडला टांगलेल्या तक्त्यावर मित्रकिडा एकच होता, लाल, गोल, काळ्या ठिपक्यांचा, बटणासारखा गोजिरा. त्याची पिल्लं अशी काळी-कुरूप असतात, हे त्यात कुठेच नव्हतं.

मागून बायकांतली दूधवाली चाचरत म्हणाली, की असले तिनेही चिरडलेत. मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. महिनाभर सगळ्याजणी आपापल्या शेतात याच पिल्लांना ठेचत होत्या आणि मावा हटत नाही म्हणून सुनेच्या नावाने बोटं मोडत होत्या.

सासूचा राग आणखीच चढला. ती वाफ्यात शिरली, पानं उलटी करत गेली आणि हातून सुटलेलं एक पिल्लू तिला सापडलं. माव्यावर आडवा हात मारत होतं. तिने बायकांना वाकायला लावलं. सून लगेच पुढे होऊन समजावू लागली.

"तू बस खाली," सासू म्हणाली. "दोन महिने बोललीस. एकदा तरी विचारलंस का यांना, की बायांनो, तुम्ही मारता काय काय?"

सून मातीत बसली. बायका बोलत राहिल्या, ती लिहीत राहिली.

जाताना त्यांनी आणखी पंधरा दिवस फवारा न मारायचं कबूल केलं. सुनेकडे नाही, सासूकडे.