एक वाव उडी

पहिल्या उडीला सर म्हणाले, "एकशे अडुसष्ट."

"सर, नीट बघा ना!"

त्यांनी टेप परत ताणली. रेघेपासून वाळूतल्या माझ्या टाचेपर्यंत. एकशे अडुसष्टच. धावत न येता, जागेवरूनच मारायची लांब उडी. पुण्याच्या क्रीडा वसतिगृहाच्या निवडीला एकशे ऐंशी सेंटीमीटर लागतात. बोरीवलीच्या त्या मैदानावर माझी पार वाट लागली.

अरे, पण गोराईच्या किनाऱ्यावर मी रोज एक वाव मारते! दोन्ही हात पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत एक वाव. आमच्यात दोर, जाळी तशीच मोजतात. एक वाव म्हणजे सहा फूट, एकशे ऐंशीच्या वरच. माझी उडीही पपाच मोजतो. शाळेतून टेप आणू म्हटलं तर खवळला, "जन्मभर दोर मोजले मी. मला टेप शिकवतेस?"

मला ते वसतिगृह पाहिजेच होतं, आणि वयात बसायचं हे शेवटचं वर्ष. नाहीतर दहावीनंतर मम्मीशेजारी बसून मासळी विकायची, हे घरात ठरलंय. मला नाही बसायचं तिथे. नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या उडीआधी पपा कुंपणापलीकडून ओरडला, "मेलनी, रोजच्याएवढीच गं!" आणि त्याने हात पसरले.

डावा हात सरळ झालाच नाही. बोटीवर मोडल्यापासून कोपर वाकडंच राहिलंय. घरात आम्ही सगळे रोज बघतो. पण माप आखूड पडत असेल, हे एकालाही सुचलं नाही!

उरलेल्या दोन्ही उड्या जीव तोडून मारल्या. एकशे सत्तरच्या पुढे गेलेच नाही. सरांनी पुढच्या मुलीला हाक मारली.

पपा आत घुसला. "टेप खोटी आहे तुमची! थांबा, मी मोजतो." वाळूत गुडघे टेकून त्याने हात पसरले. मुली हसायला लागल्या. मला असला राग आला, कोणाचा तेच कळेना. सांगून टाकू? पण हात गेला तशी बोट गेली, जाळं गेलं. माझी उडी मोजणं, एवढंच काम उरलंय त्याला.

"पपा, ऊठ. टेप बरोबर आहे. आज मीच नीट मारली नाही."

त्याचा चेहराच उजळला. "मग तसं सांग ना, येडी! मला वाटलं, माझंच काही चुकलं." त्याने गुडघ्यांची वाळू झटकली. "दुसरीकडे कुठे निवड असेलच की. उद्या सकाळपासून परत सुरू. मी आहे ना मोजायला."

"हो पपा," मी म्हटलं.