गुनवोरचे हातमोजे

विल्जानं शाळा सोडली ती मास्तरांच्या तोंडावर दार आपटूनच. तेव्हापासून ती मावशीच्या दुकानात मासे बांधून द्यायची आणि गिऱ्हाइकांवर गोष्टी लिहून इंटरनेटवर टाकायची. पण वाचायला कुत्रंही फिरकेना. वैतागून तिनं एक बाईच पैदा केली: गुनवोर, वय सत्तर, विधवा. गोष्टीखाली गुनवोर कौतुक करायची, खोड्या काढायची. गर्दी दिसली की गर्दी जमते, त्यात काय!

आणि जमलाच एक. तोरलेइफ, बोटीवरचा निवृत्त मेकॅनिक. गोष्टीवर दोन ओळी लिहायचा, गुनवोरला वीस. बायको गेल्यावर विणायला शिकलो, म्हणाला. तुमच्यासाठी हातमोजे विणतो, हाताचा आकार कागदावर काढून पाठवा. विल्जानं खिदळत स्वतःचाच पंजा काढला आणि दुकानाचा पत्ता टाकला.

सोमवारी पुडकं आलं.

"ही गुनवोर कोण गं?" हेर्दिसमावशीनं विचारलं.

"मैत्रीण आहे. सत्तरीची."

"सत्तरीची? तुझं तर तुझ्या वयाच्या पोरींशी पटत नाही!"

"तुला काय करायचंय?" विल्जा खेकसली.

लाल-पांढरे हातमोजे, मापात चोख. सोबत चिठ्ठी: गुरुवारी बोटीनं उत्तरेला निघालोय. तुमच्या धक्क्यावर बोट अर्धा तास थांबते. मोजे घालून या, ओळखीन.

तीन दिवस तिला घास गोड लागेना. गुनवोर आजारी आहे, असं लिहिलं, पुसलं. वारली, असं लिहिलं. तेही पुसलं. एकदा बायको पुरलेल्या माणसाला पुन्हा तेच कसं सांगणार?

गुरुवारी म्हातारा कडक इस्त्रीच्या कोटात उतरला, हातात डबा. नजर बायकांच्या हातांवर फिरत फिरत विल्जाच्या मोज्यांवर थांबली.

"गुनवोरनं पाठवलं का तुला, पोरी? बरं नाही का तिला?"

खोटं त्यानंच तिच्या हातात आणून दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

"गुनवोर नाहीये, आजोबा. पहिल्यापासून मीच आहे."

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती मोजे काढायला लागली.

"राहू दे. तुझ्याच मापाचे आहेत," तो म्हणाला. "तुझ्या गोष्टी मी धड वाचल्याच नाहीत बघ. खाली ती काय म्हणते, तेच आधी बघायचो."

बोट सुटायला वीस मिनिटं होती, तरी तो चढून गेला. डबा बाकावरच राहिला. आत दोन वॅफल होती, दोन कागदी रुमाल.

विल्जानं घरी येऊन सगळं लिहिलं, खरं खरं. गुनवोरला पुसून टाकलं. खाली अजून कुणी काही लिहिलेलं नाही. ती रोज बघते.